बोक्याचा एफआयव्ही पॉझिटिव्ह आला, आता? रेट्रोव्हायरसमुळे आजार नेमका होतो कसा

प्रश्न एका ताईंचा आहे, थोडक्यात असा: "आमचा बोका चार वर्षांचा. दुसऱ्या बोक्याशी मारामारी करून आला, मानेवर गळू झालं म्हणून दवाखान्यात नेला. तिथं रक्ताच्या पट्टीवर एफआयव्ही पॉझिटिव्ह आला. हा एचआयव्हीच्याच कुळातला रेट्रोव्हायरस आहे असं वाचलं. घरात अकरा महिन्यांची मुलगी आहे. सासूबाई म्हणतात, बोक्याला कुठंतरी लांब सोडून या. हे रेट्रोव्हायरस माणसाजनावरांना आजारी पाडतात तरी कसे, आणि आम्ही काय करायचं?"

ताई, आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. बोक्याचा एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू, तुमच्या मुलीला होत नाही. चावल्यानं होत नाही, ओरखड्यानं होत नाही, तिनं त्याच्या वाटीत हात घालून तो तोंडात घातला तरी होत नाही. हा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावच्या मांजरांमध्ये सापडला. तेव्हापासून जगभरच्या पशुवैद्यांना पॉझिटिव्ह मांजरांनी कितीतरी वेळा चावलंय, मीही त्यांतलीच एक. माणसाला हा आजार झाल्याची एकही नोंद नाही. पेशीत शिरायला एफआयव्हीला मांजराच्या पांढऱ्या पेशींवरचं एक ठरावीक प्रथिन पकडावं लागतं. माणसाच्या पेशीवर त्याला ती पकड मिळत नाही.

आणि बोक्याला सोडून येऊ नका. सोडलेला बोका नव्या भागात जागेसाठी रोज भांडतो, चावतो, आणि एफआयव्ही पसरतो तो नेमका चाव्यातून. तुमच्या घरातल्या कुणाही माणसाला त्याच्या एफआयव्हीचा धोका नाही. बाहेर सोडलात तर तिथल्या प्रत्येक मांजराला आहे, आणि पहिल्या मोठ्या जखमेत तो स्वतःही दगावेल.

आता तुमचा मोठा प्रश्न. मी पंचवीस वर्षं जनावरांवर उपचार करतेय, आधी सांगली जिल्ह्यात गाई-म्हशी-शेळ्यांवर आणि आता पुण्यात जास्त करून कुत्र्या-मांजरांवर. या कुळातले बरेच विषाणू मी हाताखालून गेलेले पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्दीचा विषाणू पेशीत शिरतो, तिथलं सामान वापरून स्वतःच्या प्रती काढतो आणि निघून जातो. मागे काही उरत नाही. रेट्रोव्हायरस निघून जात नाही. त्याचा मजकूर, म्हणजे त्याची जनुकं, आरएनए या डीएनएच्याच जवळच्या रेणूत लिहिलेला असतो. पेशीत शिरल्यावर तो सोबत आणलेल्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाच्या एन्झाइमनं त्या आरएनएवरून डीएनए बनवतो, आणि इंटिग्रेज नावाचं दुसरं एन्झाइम तो डीएनए पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात सांधून टाकतं. डीएनएवरून आरएनए बनतो, उलटं कधी होत नाही, अशी १९७० पर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत होती. त्या वर्षी हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत हे उलटं चालणारं एन्झाइम दाखवून दिलं. पाच वर्षांनी दोघांना नोबेल मिळालं.

शेतकऱ्यांना मी हे सातबाराच्या भाषेत सांगायचे. समजा, कुणी परस्पर फेरफार करून तुमच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवलं. त्या माणसाला गावाबाहेर काढलंत तरी नाव उताऱ्यावर राहतंच. पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या की प्रत्येक वारसाच्या उताऱ्यावर ते नाव येतं. पेशीचंही तसंच आहे. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, की त्या चारही पेशींच्या डीएनएत विषाणूची नोंद जशीच्या तशी असते. विषाणू गप्प असो की जागा, नोंद पुसली जात नाही. म्हणून रेट्रोव्हायरसचा संसर्ग एकदा नीट बसला की जन्मभराचा असतो. एचआयव्हीची औषधं रोज का घ्यावी लागतात, याचंही उत्तर हेच. औषध नव्या नोंदी होऊ देत नाही, जुन्या खोडत मात्र नाही.

या नोंदी कधीकधी बीजपेशीत, म्हणजे अंड्यात किंवा शुक्राणूत होतात, आणि मग त्या आईबापांकडून पिल्लाला वारशानंच मिळतात. तुमच्या-माझ्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग असल्या प्राचीन रेट्रोव्हायरसांचा आहे. त्यातलं बहुतेक मोडकळीला आलेलं असतं. पण एक नोंद अशी आहे की तिच्यावाचून आपण जन्मलोच नसतो. गर्भाची वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळाव्या लागतात, ते काम सिन्सिटिन नावाचं प्रथिन करतं, आणि ते मुळात एका रेट्रोव्हायरसच्या वरच्या कवचाचं प्रथिन आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोआलांमध्ये हे वारशात शिरणं आज आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. उत्तरेकडच्या कोआलांच्या जनुकांत त्यांचा रेट्रोव्हायरस बसलाय, दक्षिणेकडे तो अजून सगळ्यांत पोचलेला नाही, आणि त्याच्यापायी ते प्राणी रक्ताच्या कर्करोगानं मरतायत.

विषाणू पेशी मारतो आणि म्हणून आजार होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. रेट्रोव्हायरसच्या बाबतीत ती फार तोकडी पडते. यांतले बरेचसे विषाणू पेशीला मारतच नाहीत. नोंद कुठल्या पेशीत झाली, त्या पेशीच्या डीएनएत ती कुठल्या जागी झाली, आणि शरीर त्या पाहुण्याशी कसं वागलं, या तीन गोष्टींवर आजार ठरतो. पट्टीवर रेघ आली की या तिन्हींपैकी काहीच कळत नाही. फक्त नोंद आहे एवढं कळतं. पॉझिटिव्ह येणं आणि आजारी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी रोज सांगते आणि रोज सांगावं लागतं.

याचा पहिला धागा हाती लागला तो कोंबड्यांमुळे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस यांच्याकडे छातीवर गाठ असलेली एक प्लिमथ रॉक जातीची कोंबडी आली. ती गाठ वाटून, पेशी आणि जिवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळून, ते पाणी त्यांनी दुसऱ्या कोंबड्यांना टोचलं. त्यांनाही गाठी आल्या. हे १९११ सालचं काम. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही आणि राउसना नोबेल मिळालं १९६६ साली. पुढं कळलं की त्या विषाणूनं पेशीला वाढ म्हणून सांगणारं एक जनुक स्वतःच्या मजकुरात घेतलं होतं आणि जाईल त्या पेशीत तो ते वाढता-वाढता-वाढे अशा अवस्थेत सोडत होता. खरी चकित करणारी गोष्ट १९७६ मध्ये उघड झाली: ते जनुक विषाणूचं नव्हतंच, धडधाकट कोंबडीचंच होतं. कर्करोगाची बीजं आपल्याच पेशींच्या नेहमीच्या जनुकांत असतात, हे वैद्यकाला एका रेट्रोव्हायरसनं शिकवलं. त्याबद्दल बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ चं नोबेल मिळालं.

बहुतेक रेट्रोव्हायरस असं जनुक पळवत नाहीत. त्यांच्या मजकुराच्या दोन्ही टोकांना 'इथून जोरात वाचा' असा हुकूम देणारा तुकडा असतो. तो तुकडा पेशीच्या एखाद्या वाढीच्या जनुकाशेजारी पडला, तर विषाणूसाठीचा हुकूम शेजारच्या जनुकालाही लागू होतो. पेशी वाढत सुटते. लाखो पेशींत लाखो जागी नोंदी होतात, त्यांतली एखादी नेमकी वाईट जागी पडते. म्हणून असा कर्करोग व्हायला महिने, वर्षं लागतात.

माणसात हे फार वेदनादायक रीतीनं दिसलं. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या लहान मुलांवर पॅरिस आणि लंडनमध्ये १९९९ च्या सुमारास जनुकोपचार सुरू झाले. हवं असलेलं जनुक मुलांच्या पेशीत पोचवायला उंदराच्या रेट्रोव्हायरसचं निकामी केलेलं रूप वापरलं होतं. मुलं बरी झाली, घरी गेली. मग काही वर्षांत २० पैकी ५ मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. तपासल्यावर दिसलं की विषाणूचा तुकडा बहुतेकांत एलएमओ-२ या जनुकाशेजारी जाऊन बसला होता. विषाणू स्वतःच्या प्रती काढण्याच्या स्थितीतही नव्हता. नुसती नोंद वाईट ठिकाणी पडली होती.

तिसरी तऱ्हा म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिनच पेशीला वाढीला लावतं. मेंढ्यांच्या फुप्फुसाचा यागसिक्ते नावाचा आजार असा होतो. विषाणूच्या कवचाचं प्रथिन एकटंच फुप्फुसाच्या पेशीला कर्करोगाकडे ढकलतं. फुप्फुसात इतका द्राव साठतो की मेंढीचे मागचे पाय उचलून डोकं खाली केलं की नाकातून पाण्याची धार लागते. क्लोन केलेली डॉली मेंढी आठवत असेल. तिला १४ फेब्रुवारी २००३ रोजी दयामरण द्यावं लागलं, ते याच विषाणूच्या गाठींमुळे. क्लोन असण्याशी त्याचा संबंध जोडायला पुरावा सापडला नाही.

माणसातला एचटीएलव्ही-१ याच्या जवळचा. तो १९८० साली जाहीर झालेला, माणसात सापडलेला पहिला रेट्रोव्हायरस. नैर्ऋत्य जपानमध्ये आणि कॅरिबियन बेटांवर तो पुष्कळ आहे. बहुतेक वाहक जन्मभर धडधाकट राहतात. साधारण वीसात एकाला, तेही संसर्गानंतर कैक दशकांनी, टी-पेशींचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, कर्करोग होतो. काहींना पाय हळूहळू लुळे पडण्याचा मज्जारज्जूचा आजार होतो. तो मुख्यतः आईच्या दुधातून मुलाला जातो, म्हणून जपानमध्ये नागासाकीला १९८७ पासून गरोदर बायकांची तपासणी करून पॉझिटिव्ह मातांना अंगावर पाजू नये असा सल्ला देत गेले, आणि पुढच्या पिढीत वाहक कमी झाले. गाईंमधला ल्युकेमियाचा विषाणू याचा चुलतभाऊ. शंभर बाधित गाईंत गाठी येतात त्या पाचापेक्षाही कमी जणींना. पसरतो मात्र आपल्या हातांनी. एकच सुई दहा गाईंना, एकच हातमोजा दहा गाईंच्या गाभणतपासणीला. सुई बदला, हे मी गोठ्यागोठ्यात सांगत फिरलेय.

या सगळ्या तऱ्हा एकाच प्राण्यात बघायच्या असतील तर मांजराचा ल्युकेमिया विषाणू, एफईएलव्ही, बघावा. तुमच्या बोक्याच्या पट्टीवर एफआयव्हीच्या शेजारी याचीही रेघ तपासलेली असणार. ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी १९६४ मध्ये तो दाखवला. एफआयव्हीला चावा लागतो, याला लाळ पुरते: एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं, आईचं दूध. दोन्हींत गल्लत करू नका, कारण दोन्हींचं भवितव्य फार वेगळं आहे.

एकदा मांजर आणलं होतं, 'दोन दिवस सुस्त आहे' म्हणून. ओठ वर करून पाहिला, हिरड्या भिंतीसारख्या पांढऱ्या. तांबड्या पेशींचं प्रमाण निदान पंचवीस टक्के हवं तिथं नऊ. गोचीड नाही, रक्तस्राव नाही, कावीळ नाही. एफईएलव्ही पॉझिटिव्ह. हे कसं होतं ते कळल्यावर मला आजही थक्क व्हायला होतं. मांजराच्या अंगात हा विषाणू बदलत जातो. त्याचं एक रूप, सी नावाचं, पेशीवरच्या अशा एका प्रथिनाला धरतं की ज्याचं काम असतं जास्तीचं हीम पेशीबाहेर टाकणं. हीम म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग. मोकळा राहिला तर पेशीला विषासारखा. विषाणूनं ती मोरीच बुजवली, की तयार होऊ घातलेली तांबडी पेशी स्वतःच्याच हीमनं मरते. हाडांतली मज्जा, जिथं रक्त तयार होतं, ती रिकामी पडत जाते. त्या मांजराला आम्ही रक्त दिलं, पंधरा दिवस मिळाले, पुढे नाही.

त्याच विषाणूचं दुसरं रूप, बी, मांजराच्या डीएनएतल्या वाडवडिलांपासून चालत आलेल्या जुन्या नोंदीतले तुकडे उचलून तयार होतं. सातबाऱ्यावरच्या शंभर पिढ्यांपूर्वीच्या नावानं आजच्या घुसखोराला हात द्यावा, तसं. आणि नोंद वाढीच्या जनुकाशेजारी पडली, तर लसिकापेशींचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, कर्करोग. दोन-तीन वर्षांचं मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेतं, छातीत पाणी, पुढच्या भागात मोठी गाठ. शिवाय प्रतिकारशक्ती खचते, ती वेगळीच.

तरीही एफईएलव्हीची रेघ म्हणजे मृत्यूची चिठ्ठी असं मानू नका. काही वर्षांपूर्वी कॉलेजातली एक मुलगी तीन महिन्यांचं पिल्लू टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. आधीच्या दवाखान्यात पट्टीवर रेघ उमटली होती आणि लगेच दयामरणाचा सल्ला मिळाला होता. पिल्लू खात होतं, ताप नव्हता. टॉवेलातून पंजा काढून माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होतं. मुलगी रडत होती. मी म्हटलं, "चार महिने थांबू. दुसऱ्या मांजरांपासून वेगळं ठेव, पोटभर खाऊ घाल, आणि पुन्हा तपासू." चार महिन्यांनी रेघ नव्हती. त्याच्या शरीरानं विषाणूला दाबून टाकलं होतं. मज्जेत कुठंतरी नोंद आहेच, म्हणून त्याचं रक्त मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि मोठ्या आजारपणात तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. पण ते पिल्लू मोठं झालं. ज्यांच्या रक्तात विषाणू कायम फिरत राहतो, त्यांतली बरीच मांजरं दोन-तीन वर्षांत जातात, हे खरंच आहे. कुठलं मांजर कुठल्या वाटेनं जाणार हे एका तपासणीत कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर जीव घेऊ नये. याचा मला अजूनही राग येतो.

आता ज्या घराण्यात तुमच्या बोक्याचा विषाणू येतो त्याकडे वळू. लेंटिव्हायरस, म्हणजे मंदगती विषाणू. हे नाव ज्या विचारातून आलं तो आइसलँडचा. १९३३ साली जर्मनीतल्या हाले इथून तिकडे २० काराकुल मेंढ्या आणल्या. दिसायला निरोगी. वेगळ्या ठेवून मग गावोगाव वाटल्या. काही वर्षांनी तिथल्या मेंढ्यांना धाप लागू लागली, काही झिजून लुळ्या होऊन मरू लागल्या. त्यांच्या भाषेत धाप म्हणजे मैदी आणि झिजणं म्हणजे विस्ना, म्हणून आजाराचं नाव मैदी-विस्ना. ब्यॉर्न सिगुर्डसन यांनी १९५४ मध्ये 'मंद संसर्ग' ही कल्पना मांडली, ती याच मेंढ्यांवरून. कळपच्या कळप मारून, बाधित टापू रिकामे करून, १९६५ पर्यंत त्यांनी तो आजार देशातून घालवला. एचआयव्ही सापडायच्या कितीतरी आधी एका मेंढपाळ देशानं हे सगळं सोसलं होतं.

मेंढीत आणि शेळीत हा विषाणू एका जातीच्या पांढऱ्या पेशीत दडून राहतो. ती पेशी रक्तात असेपर्यंत गप्प असते; सांध्यात, कासेत किंवा फुप्फुसात उतरून तिथली रहिवासी झाली की विषाणू जागा होतो. मग शरीर तिच्यावर सैन्य पाठवतं. विषाणू आटोक्यात येत नाही, सैन्यही परत जात नाही. गुडघा सुजतो, कास लाकडासारखी कडक होते, ती या सततच्या लढाईनं. शेळीच्या पुढच्या पायांचे गुडघे असे सुजलेले दिसले की मालक म्हणतो, लागलं असेल. लागलेलं एका पायाला असतं. दोन्ही गुडघे महिनोन्महिने सुजलेले असतील तर रक्त तपासा. करडांना तो मुख्यतः चिकातून आणि दुधातून जातो. पॉझिटिव्ह शेळीचं करडू जन्मताच वेगळं करून, ५६ अंशांवर तासभर ठेवलेला चीक पाजला तर साखळी तुटते. फार तापवलात तर चीक खरवसासारखा घट्ट होतो, म्हणून थर्मामीटर हवाच.

घोड्यांमधला याच घराण्यातला विषाणू वेगळ्याच रीतीनं त्रास देतो. दर वेळी कवच बदलून येतो, शरीर नव्यानं ओळख पटवेपर्यंत ताप चढतो, मग उतरतो, पुन्हा चढतो. तांबड्या पेशी या भांडणात मध्ये सापडून मारल्या जातात आणि घोडा फिका पडतो. घोडमाशीच्या चाव्यातून आणि सुईतून तो पसरतो. १९०४ मध्येच फ्रान्समध्ये वाले आणि कारे यांनी दाखवलं होतं की हा आजार गाळणीतून पार होणाऱ्या कशामुळे तरी होतो.

एफआयव्ही आणि एचआयव्ही दोघांचा मारा प्रतिकारशक्तीच्या मुकादमावर, टी-मदतनीस पेशींवर. एचआयव्ही सीडी-४ हे प्रथिन धरून त्यांच्यात शिरतो. एफआयव्ही वेगळं प्रथिन धरतो, पण घाव तिथंच पडतो. एचआयव्हीचा सगळ्यांत मोठा घाव पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यात पडतो, जिथं या पेशी सर्वांत जास्त असतात. रुग्णाला तेव्हा फार तर तापसर्दी झाल्यासारखं वाटतं. पण आतड्याची भिंत झिरपू लागते, जिवाणूंचे अंश रक्तात येतात, आणि प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं दिवसरात्र पेटलेली राहते. थकून, झिजून ती मोडते. मग क्षयासारखे एरवी दबून राहणारे आजार वर येतात. नक्कल काढताना विषाणू सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही, त्यामुळे रोज अब्जावधी नवे विषाणू थोडेथोडे वेगळे निघतात, आणि प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला ओळखून धरायला शरीरानं बनवलेली प्रथिनं, कायम एक पाऊल मागे. लस निघत नाही त्याचं एक मोठं कारण हे.

हा पेटण्याचा मुद्दा माकडांमुळे लख्ख झाला. आफ्रिकेतल्या सूटी मॅन्गाबे माकडांच्या रक्तात याच जातीचा विषाणू भरपूर असतो, तरी ती आजारी पडत नाहीत. त्यांचं शरीर पहिल्या काही आठवड्यांनंतर शांत होतं. तोच विषाणू अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांत आपल्या देशातल्या लाल तोंडाच्या माकडांना लागला, आणि ती एड्ससारख्या आजारानं मेली. विषाणू तोच, रक्तातलं प्रमाणही भरपूरच. मॅन्गाबेंची त्याच्याशी फार जुनी ओळख आहे, आपल्या माकडांची शून्य. माणसाचीही तशीच: एचआयव्ही-१ चिंपांझींकडून माणसात आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आग्नेय कॅमेरूनच्या जंगलात. फार थोडे दिवस झालेत.

तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यानं मला एक गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, सांगली जिल्ह्यात, एका घरी व्यायला आलेली गाय बघायला गेले होते. गोठ्याच्या कोपऱ्यात बाज टाकून घरचा थोरला मुलगा झोपलेला होता. ट्रकवर होता, एचआयव्ही निघाला होता. त्याच्या आईनं भाकरीचं ताट खाली ठेवलं आणि काठीनं त्याच्याकडे सरकवलं. गाय व्याली, वासरू उभं राहिलं, तो बाजेवरून बघत होता. तेव्हा औषधं परवडणारी नव्हती. सरकारी केंद्रांतून मोफत औषधं सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून. तो तोवर राहिला नाही. ताट सरकवायला काठी लागत नाही, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी माझं वासरू पुसत बसले, मीही सांगितलं नाही. आज माझे धाकटे दीर एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात आहेत. त्यांच्याकडे येणारी माणसं रोज एक गोळी घेऊन नोकऱ्या करतात, लग्नं करतात, निगेटिव्ह बाळं वाढवतात. औषधानं रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला लागत नाही. मागे ते म्हणाले, "वहिनी, औषध मिळतंय, पण कुणी दाराशी उभं करत नाही म्हणून लोक तपासायलाच येत नाहीत."

आता बोक्याचं. ही पट्टी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. म्हणून पहिल्यांदा दुसऱ्या पद्धतीनं, शक्यतो विषाणूचा मजकूरच शोधणाऱ्या पीसीआरनं किंवा प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या तपासणीनं, खात्री करून घ्या. (सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असतं तर आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही रेघ आली असती, आणि ती पुढे जाऊ शकते. तुमचा चार वर्षांचा आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.) खात्री झाली तरी एफआयव्हीचं मांजर वर्षानुवर्षं चांगलं जगतं, कितीतरी शेवटी म्हातारपणानंच जातात. सेरेंगेटीतले जवळजवळ सगळे प्रौढ सिंह आपल्या जातीचा एफआयव्ही बाळगून शिकार करत असतात.

खच्चीकरण झालं नसेल तर लगेच करा. भांडण, भटकणं, मूत्राची फवारणी, तिन्ही कमी होतील. घरातच ठेवा. कच्चं मांस, कच्ची अंडी, कच्चं दूध बंद. त्याची प्रतिकारशक्ती ताणलेली आहे, आणि कच्च्या मांसातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू तुमच्या मुलीसाठी एफआयव्हीपेक्षा कितीतरी खरा धोका आहे. त्याच्या विष्ठेचं तसराळं रोज साफ करा, कारण ते जंतू बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. पुन्हा दिवस राहिले तर ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. रेबीजची लस चुकवू नका. मुलीला कधी चावला किंवा ओरबाडलं, तर पंधरा मिनिटं साबणपाण्यानं धुवून डॉक्टरकडे न्या, रेबीजसाठी. एफआयव्हीचा विचारही करू नका. दुसरं मांजर घरात असेल आणि दोघं गुण्यागोविंदानं राहत असतील तर वेगळं करायची सहसा गरज पडत नाही.

दर महिन्याला वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवूनही होतं. आणि तोंड बघा: या मांजरांचा पहिला त्रास बहुतेक वेळा हिरड्यांत दिसतो. लालभडक हिरड्या, तोंडाला वास, भूक आहे पण घास घेतला की मान झटकून मागे सरकणं. तसं दिसलं तर थांबू नका. दात काढावे लागतात, कधी एचआयव्हीसाठीचं जुनं औषध झिडोव्हुडिनही मांजरांना देतो, रक्ताच्या तपासण्या करत करत. मनानं मात्र कुठलंच औषध देऊ नका, पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, त्यानं मांजर मरतं.

मानेवरचं गळू भरून आलं का ते दाखवायला जाल, तेव्हा सासूबाईंनाही बरोबर न्या आणि त्यांचे प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या. जाताना बोक्याला टोपलीत ठेवून वर ओला टॉवेल टाका, उन्हाळा आहे.